दांडगाई, दया आणि धैर्य

मधली सुटी होऊन मुलें पटांगणांत पसरलीं म्हणजे शिक्षकांच्या खोलीच्या खिडकींतून एक देखावा आम्हांला वारंवार दिसतो. चारपांच मुलांचें एक कोंडाळें जमतें. त्याच्या मध्यभागीं एक मुलगा उभा असतो. त्याचा डबा या हातांतून त्या हातांत फिरत असतो, आणि तो तिकडे धांवला कीं डबा इकडे येतो. मधला मुलगाहि कधीं कधीं हंसतो. दुरून पाहणारास वाटावें कीं खेळ चालला आहे. परंतु नीट निरखून पाहिलें म्हणजे कळतें कीं, त्याचें हंसणें इतरांच्या हंसण्याहून निराळें आहे.

या प्रकाराला आपल्या भाषेंत पुष्कळ नांवें आहेत: खोड्या काढणें, चिडविणें, दमदाटी करणें, वाळींत टाकणें. या सर्वांना मिळून आम्ही प्रस्तुत लेखांत दांडगाई असें म्हणूं. हा विषय क्षुल्लक आहे, मोठेपणीं मुलें हें सारें विसरून जातात, अशी अनेक वडील माणसांची समजूत असते. ती खरी नाहीं. दांडगाईचा दयेशीं व धैर्याशीं काय संबंध आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडावें, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम थट्टा व दांडगाई यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. दोन बरोबरीच्या मित्रांनीं एकमेकांची थट्टा केली, अथवा चेंडूवरून त्यांची एकदां हातघाई झाली, तर ती दांडगाई नव्हे. डॅन ओल्वेयस (१९३१–२०२०) या स्वीडनमध्यें जन्मलेल्या व नॉर्वेंत राहिलेल्या मानसशास्त्रज्ञांनीं या विषयाच्या अभ्यासांत आपलें आयुष्य वेंचलें. त्यांनीं दांडगाईचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत. दुसऱ्याला दुखविण्याचा हेतु असणें हें पहिलें, तोच प्रकार पुनःपुन्हां घडणें हें दुसरें, आणि दोघांच्या बळांत विषमता असणें हें तिसरें. हें बळ केवळ दंडांतलें नसतें. वय, संख्या, पैसा, जात, भाषा, रूप, वर्गांतील वजन, यांपैकीं कशाचेंहि तें असूं शकतें. ज्याला उलट उत्तर देण्याची सोय नाहीं, त्याची रोज होणारी थट्टा ही थट्टा राहत नाहीं.

हा प्रकार शाळांइतकाच जुना असला, तरी त्याचा शास्त्रीय अभ्यास फार जुना नाहीं. १९६९ सालीं पेटर पॉल हाइनमन नांवाच्या स्वीडनमधील एका डॉक्टरांनीं एकट्या मुलाभोंवतीं जमणाऱ्या टोळक्याविषयीं लिहिलें, आणि त्यासाठीं प्राणिशास्त्रांतला एक शब्द उसना घेतला. एखादें घुबड दिवसां उजेडांत सांपडलें म्हणजे कावळे गोळा होतात आणि सर्व मिळून त्याला टोंचून हैराण करतात, हें आपल्याकडे कोणीं पाहिलें नाहीं? पक्ष्यांच्या अशा झुंडीच्या हल्ल्याला जो शब्द होता, तोच त्यांनीं मुलांच्या झुंडीला लाविला.

त्यानंतर लौकरच ओल्वेयस यांनीं शाळांतून पद्धतशीर पाहणी सुरू केली. परंतु शिक्षणखातीं जागीं व्हावयास अधिक दारुण प्रसंग यावा लागला. १९८२ सालाच्या अखेरीस उत्तर नॉर्वेंत दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनीं आपला प्राण दिला, आणि सोबत्यांनीं केलेला छळ हेंच बहुधा त्याचें कारण असावें, असें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. सारा देश हादरला. १९८३ सालीं तेथील सरकारनें देशभर मोहीम उघडली. बर्गेन शहरांतील ४२ शाळांमधील सुमारें २५०० विद्यार्थ्यांवर तिचा काय परिणाम झाला, हें ओल्वेयस यांनीं पाहिलें. दोन वर्षांत तेथील दांडगाई जवळजवळ निम्म्यावर आली. उपाय साधे होते: वर्गांत मुलांशीं मिळून ठरविलेले नियम, सुटीच्या वेळीं मोठ्या माणसांची नजर, आणि घडलेल्या गोष्टीविषयीं त्या मुलांशीं व त्यांच्या पालकांशीं स्पष्ट बोलणें. एवढ्या साध्या गोष्टी करण्यासाठीं तीन कोवळे जीव जावे लागले, ही गोष्ट मनाला फार लागते.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. दांडगाई म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दोघेच येतात, मारणारा व मार खाणारा. परंतु १९९६ सालीं फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाली व त्यांचे सहकारी यांनीं सहाव्या इयत्तेंतील ५७३ मुलामुलींची पाहणी करून असें दाखवून दिलें कीं, यांत जवळजवळ सर्व वर्गाचा भाग असतो. एक छळणारा असतो. त्याला हात देणारे कांहीं साथीदार असतात. कांहीं जण स्वतः हात लावीत नाहींत, पण हंसून व ओरडून छळणाऱ्याला चेव आणतात. पुष्कळ जण बाजूस सरून, आपल्याला कांहीं दिसलेंच नाहीं असें दाखवितात. थोडे मात्र छळल्या जाणाऱ्याची बाजू घेतात. त्या पाहणींत साथीदार, चेव आणणारे व बाजूस सरणारे मिळून सुमारें निम्मीं मुलें भरलीं. बाजू घेणारीं सहांत एक यापेक्षां किंचितच अधिक होतीं.

यावरून एक गोष्ट उघड होते. छळणाऱ्याला पुष्कळदां त्या एका मुलाशीं कांहीं कर्तव्य नसतें. त्याला हवें असतें तें वर्गांतलें वजन, आणि तें त्याला पाहणाऱ्यांकडून मिळतें. कोंडाळें उठून गेलें तर डबा फेंकण्यांत कसली मौज उरणार?

कॅनडांतील टोरांटो शहरीं शाळांच्या पटांगणांवर मुलांच्या वागण्याचें चित्रण व बोलण्याचें ध्वनिमुद्रण करून केलेला एक अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दांडगाईचे ३०६ प्रसंग तपासले आहेत. शंभरांतील ८८ प्रसंगीं इतर मुलें तेथें हजर होतीं, पण कोणी मध्यें पडलें असे प्रसंग १९ च. यापुढील आंकडा आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा. जेथें कोणी मध्यें पडलें, तेथें निम्म्याहून अधिक वेळां, म्हणजे शंभरांत ५७ वेळां, ती दांडगाई दहा सेकंदांच्या आंत थांबली. आमच्या शाळेची घंटा वाजून थांबावयासहि कदाचित् याहून अधिक वेळ लागत असेल.

मग मुलें मध्यें कां पडत नाहींत? तीं निर्दय असतात म्हणून काय? इटलींतील ज्यानलूका जिनी व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत याचें उत्तर सांपडतें. सुमारें तेरा वर्षांच्या मुलामुलींचे त्यांनीं दोन गुण तपासले. दुसऱ्याचें दुःख पाहून आपल्याला होणारी वेदना, हा एक. आणि सोबत्यांच्या समोर आपल्याला कांहीं करतां येईल असा स्वतःवरील भरंवसा, हा दुसरा. बाजू घेणाऱ्या मुलांच्या अंगीं सहानुभूति भरपूर होती. पण गप्प उभ्या राहणाऱ्या मुलांच्या अंगींहि ती होती. दोहोंमधला भेद दुसऱ्या गुणांत होता. तात्पर्य, दया दोघांच्याहि मनांत होती. ती हातापायांत उतरविणारें धैर्य एकाजवळ होतें व दुसऱ्याजवळ नव्हतें.

ही गोष्ट आम्हांला केवळ पुस्तकांतून कळलेली नाहीं. आम्ही सातव्या इयत्तेंत वसतिगृहांत राहून शिकत असतांना आमच्या वर्गांत एक अडखळत बोलणारा मुलगा होता. 'प' हें अक्षर आलें कीं त्याची जीभ थबके. रात्रीं जेवणाच्या पंगतींत कांहीं मोठे मुलगे त्याला मुद्दाम 'पाणी' मागावयास लावीत, आणि तो शब्द पुरा होईपर्यंत तांब्या वर धरून ठेवीत. सारी पंगत हंसे. आम्ही हंसत नव्हतों. आम्ही खालीं ताटाकडे पाहत असूं, आणि आपण त्या हंसणाऱ्यांपैकीं नाहीं याचें आम्हांला समाधान वाटे. एके रात्रीं दिवे मालवल्यावर तो आमच्या अंथरुणाशीं आला आणि हळूच म्हणाला, "उद्यां तूं माझ्या शेजारीं बसशील?" आम्ही "बसेन" म्हणालों. दुसऱ्या दिवशीं त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. मोठ्या मुलांचे डोळे आमच्याकडे लागले होते. आम्ही आपल्या नेहमींच्या जागीं जाऊन बसलों. दिवाळीच्या सुटींत तो घरीं गेला, तो परत आला नाहीं. तांब्या धरून ठेवणाऱ्या मुलांचीं नांवें आज आम्हांला आठवत नाहींत. ती मोकळी जागा मात्र तीस वर्षांनंतरहि डोळ्यांपुढें येते.

यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनीं अर्धमेला करून टाकलेल्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या शाळेंतील प्रत्येकाला ठाऊक आहे. जे दोघे त्याला पाहून दुसऱ्या बाजूनें निघून गेले, ते लुटारू नव्हते. ते लोकांनीं मानलेले गृहस्थ होते. त्यांना त्याची कींव आली कीं नाहीं, हें दृष्टांतांत सांगितलेलें नाहीं. ते थांबले नाहींत, एवढेंच सांगितलें आहे.

याच्या उलट, धैर्य आहे पण दया नाहीं, अशीहि मुलें असतात. दांडगा मुलगा आंतून भित्रा असतो, असें म्हणण्याचा प्रघात आहे. ओल्वेयस यांना आपल्या पाहणींत तसें आढळलें नाहीं. अशा मुलांना भीति बहुधा कमीच वाटते. त्यांच्या अंगीं धिटाई असते, पण दुसऱ्याचें दुःख आपलें मानण्याची संवय लागलेली नसते. अशा मुलांना वेळींच वळण लावणें हें त्यांच्याच हिताचें आहे. सहावी ते नववी या इयत्तांत दांडगाई करणारे म्हणून ओळखले गेलेल्या मुलग्यांची ओल्वेयस यांनीं पुढें माहिती काढिली, तेव्हां त्यांपैकीं सुमारें ६० टक्के मुलांना वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत एकदां तरी न्यायालयांत शिक्षा झालेली होती. आणखी कांहीं मुलें एके ठिकाणीं छळ सोसतात व दुसरीकडे आपणच दुबळ्यांना छळतात. त्यांची मनःस्थिति सर्वांत बिकट असते, असें अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आलें आहे. तेव्हां दांडग्या मुलालाहि आमच्या दयेची गरज आहे. मात्र ती दया म्हणजे त्याच्या वागण्याकडे डोळेझांक नव्हे.

आपल्या देशांत तर दांडगाई पुष्कळदां एकट्या मुलाची नसून रूढीची असते, आणि मग सारा वर्गच छळणारा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेंत असतांना त्यांना कोपऱ्यांत निराळ्या गोणपाटावर बसावें लागे. तें गोणपाट रोज घरीं न्यावें व परत आणावें लागे. तहान लागली तरी शिपायानें पाणी दिल्याखेरीज तें मिळत नसे. पुढें मुंबईंतील हायस्कुलांत शिक्षकांनीं त्यांना गणित सोडविण्यास फळ्याजवळ बोलाविलें, तेव्हां फळ्यामागें ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांनीं एकच गिल्ला केला, आणि धांवत जाऊन ते डबे बाजूस फेंकले. त्या वर्गांतील सर्वच मुलें मनानें दुष्ट असतील, असें आम्हांला वाटत नाहीं. पण कोणीं एकानें तरी आपला डबा तेथेंच राहूं दिला, असें त्या हकीगतींत नाहीं.

त्याच दिवसांत चर्नी रोडच्या बागेंत एकटे वाचीत बसणाऱ्या या विद्यार्थ्याची कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनीं आपण होऊन विचारपूस केली, आणि त्यांना वाचावयास पुस्तकें दिलीं. ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर जी सत्कारसभा भरली, तींत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यांना भेट दिलें. बडोद्याच्या महाराजांकडून शिष्यवृत्ति मिळण्याच्या कामींहि त्यांचें साह्य झालें. ज्याला सारा वर्ग दूर लोटतो, त्याच्या शेजारीं एकानें येऊन बसण्यानें काय होतें, तें यावरून कळावें.

धैर्य म्हणजे मारामारी नव्हे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. २००७ सालीं कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतांतील एका हायस्कुलांत नववींतला एक मुलगा शाळेच्या पहिल्याच दिवशीं गुलाबी सदरा घालून आला, म्हणून कांहीं मुलांनीं त्याचा छळ केला व त्याला मारण्याची धमकी दिली. बारावींतील डेव्हिड शेफर्ड व ट्रॅव्हिस प्राइस यांच्या कानीं ही गोष्ट आली. ते छळणाऱ्यांवर धांवून गेले नाहींत. ते दुकानांत गेले, पन्नास गुलाबी सदरे विकत घेतले, वर्गबंधूंना निरोप पाठविले, आणि सकाळीं शाळेंत येणाऱ्या मुलांना ते सदरे वांटले. शेंकडों मुलें गुलाबी पोशाखांत दिसूं लागलीं. छळणाऱ्यांना पाहणारेच उरले नाहींत. तेव्हांपासून कॅनडांत दरवर्षीं गुलाबी सदऱ्याचा दिवस पाळला जातो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं प्रत्येकाला असें कांहीं करतां येईल असें नाहीं, आणि एकट्यानें मारामारींत उडी घ्यावी असें आम्ही मुळींच सांगत नाहीं. पण धैर्याच्याहि पायऱ्या असतात. न हंसणें, ही पहिली पायरी. कोंडाळ्यांतून निघून जाणें आणि जातांना आणखी एकाला बरोबर नेणें, ही दुसरी. त्या मुलाला "चल, आमच्यांत खेळावयास ये" म्हणून बाहेर काढणें, ही तिसरी. शिक्षकांना सांगणें, ही चौथी. याला पुष्कळ मुलें चुगली समजतात. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणें ही चुगली होय. दुसऱ्याची सुटका व्हावी म्हणून सांगणें हें कर्तव्य होय. ज्याच्यावर असा प्रसंग ओढवला असेल त्यानें एवढें मनांत धरावें कीं, दोष आपला नव्हे, आणि ही गोष्ट मोठ्यांस सांगण्यांत कमीपणा नाहीं. एकानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्यास सांगावें.

पूर्वीं घरीं पोहोंचल्यावर तरी मुलाची सुटका होत असे. आतां मोबाइलमधून दांडगाई त्याच्या अंथरुणापर्यंत येते. कोणाचें विद्रूप केलेलें छायाचित्र किंवा अपमानाचा मजकूर तुमच्याकडे आला, तर तो पुढें धाडणें म्हणजे त्या कोंडाळ्यांत उभें राहून हंसणेंच आहे. तो पुढें धाडूं नका, वडील माणसांस दाखवा.

आतां पालकांस दोन शब्द. शाळेच्या वेळेवर मुलाचें पोट दुखूं लागणें, वह्या फाटणें, वस्तु हरवणें, मित्रांचीं नांवें घरांत ऐकूं येईनाशीं होणें, हीं चिन्हें दिसलीं तर त्यास रागावूं नका. त्याच्याजवळ बसा व तें बोलेपर्यंत थांबा. "तूंहि दोन ठेवून दे" किंवा "लक्ष देऊं नको" हीं उत्तरें त्याच्या उपयोगाचीं नाहींत. आम्हींहि एकदां एका विद्यार्थ्याला लक्ष न देण्याचा उपदेश केला होता. तो "बरं, सर" म्हणून गेला, व पुन्हां कधीं तक्रार घेऊन आला नाहीं. त्रास थांबला, असें आम्ही समजलों. पुष्कळ दिवसांनीं कळलें कीं, थांबलें होतें तें त्याचें सांगणें. आपला मुलगा दुसऱ्यास छळतो असें शाळेनें कळविलें, तर "आमचा मुलगा तसा नाहीं" असें म्हणण्यापूर्वीं त्याचें वागणें थोडे दिवस पाहावें. घरांत दुबळ्या नातलगाशीं, मोलकरणीशीं, दारावर आलेल्या गरिबाशीं आपण कसे बोलतों, तें मुलें ऐकत असतात. संकट मोठें असेल तर मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे. आमचे जे विद्यार्थी पुढें महाविद्यालयांत जातील, त्यांच्या पालकांनीं हेंहि जाणून असावें कीं, रॅगिंगला बंदी करणारा कायदा महाराष्ट्रांत १९९९ सालींच झालेला आहे.

दया मनांत उपजते, परंतु धैर्य संवयीनें येतें, आणि संवय लहान गोष्टींपासून लागते. नवें वर्ष सुरू झालें म्हणजे वर्गांत नवीं मुलें येतील. त्यांतला एखादा परगांवचा असेल, एखाद्याचें बोलणें निराळें असेल, एखाद्याचा गणवेश जुना असेल. मधल्या सुटींत डबे उघडतील, तेव्हां त्याच्या शेजारची जागा मोकळी आहे काय तें पाहा. असली तर आपला डबा घेऊन तेथें जाऊन बसा. आम्हांला त्या वेळीं एवढेंहि जमलें नाहीं.